नारायणगावच्या बागा : बघायच्या कशा?

मित्रांनो, होस्टेलवरचा रविवार कसा जातो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. दहाला उठायचं, पोहे संपले म्हणून मेसवाल्या काकांशी हुज्जत घालायची, दुपारी फीस्ट हाणून ताणून द्यायची, आणि संध्याकाळी कट्ट्यावर बसून "च्यायला, इथे बघण्यासारखं काहीच नाही" हे मत एकमताने पास करायचं. पहिली दीड वर्षं मीही या ठरावाच्या बाजूने हात वर केलेला आहे. नारायणगाव म्हणजे पुणे-नाशिक रोडवरचं एसटी थांबण्याचं ठिकाण, एवढीच माझी समज होती.

मग गेल्या वर्षी नोटीस बोर्डावर ती प्रसिद्ध नोटीस लागली. "परिसरातील बागा व शेतांमध्ये विद्यार्थ्यांनी जाऊ नये. तक्रार आल्यास कारवाई होईल." नोटीस का लागली यावर होस्टेलमध्ये बऱ्याच थापा फिरल्या. खरं कारण मला माहीत आहे, कारण त्यातला एक गुन्हेगार मीच आहे. म्हणून हा लेख.

झालं असं. फेब्रुवारीचा महिना, आम्ही सहा जण तीन गाड्यांवर ओझरहून परत येत होतो. रस्त्याच्या कडेला काळ्या द्राक्षांची बाग, घड असे लोंबलेले की बघतच राहावं. फाटक उघडं होतं. आम्ही आत. फोटो काढले, घड हातात धरून पोझ दिल्या, प्रत्येकाने थोडे थोडे मणी तोडून खाल्ले. एवढ्यात बागेतल्या मावशी आल्या. आम्हाला वाटलं आता शिव्या. त्या ओरडल्या नाहीत. आम्ही धरलेला एक घड त्यांनी उचलून दाखवला. मण्यांवरचा पांढुरका थर जिथे जिथे बोटं लागली तिथे पुसला गेला होता, अगदी ठसे उमटले होते. "पोरांनो, खाल्ल्याचं काय नाय. पण हे घड आता बाहेरच्या मालात बसत नायत," एवढंच म्हणाल्या. मग पाटीभर निवडीतली द्राक्षं आमच्यापुढे ठेवून म्हणाल्या, "खायचीत तर ही खा. आन् पुन्हा आलात तर हाक मारून या."

आम्ही मान खाली घालून खाल्ली. पण आमच्यानंतर आणखी दोन-तीन टोळकी तिथे गेली, त्यांनी हाक मारली नाही, आणि तक्रार कॉलेजपर्यंत आली. आज त्या बागेला तारेचं कुंपण आणि कुलूप आहे.

रेक्टर सरांकडे मी तीनदा गेलो. तिसऱ्यांदा सर म्हणाले, "बागेत जाऊन नेमकं काय बघायचं आणि कसं वागायचं ते लिहून दे. लोकांनी वाचलं तर रविवारचा पास देण्याचा विचार करू." तेव्हा वाचकहो, हा लेख म्हणजे एका अर्थी आपला सर्वांचा अर्ज आहे. नीट वाचा!

१) द्राक्षाची बाग

आधी तो पांढुरका थर. आपण घरी द्राक्षं धुताना "औषध मारलेलं दिसतंय" म्हणून जो चोळून काढतो, तो बहुतांशी द्राक्षाने स्वतः तयार केलेला नैसर्गिक मेणाचा थर असतो. त्याने मण्यातलं पाणी लवकर उडत नाही, फळ टिकतं. परदेशी जाणाऱ्या मालात हा थर शाबूत असावा लागतो, म्हणून काढणी करणारे मजूर घड देठाला धरून कापतात, मण्याला हात लावत नाहीत. आम्ही काय केलं ते आता कळलं ना?

दुसरी गोष्ट, द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी. त्यानंतर ज्या काड्या येतात त्यांत पुढच्या घडाचा पाया तयार होतो. मग ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, आणि तिथून साधारण चार-साडेचार महिन्यांनी फळ. म्हणजे फेब्रुवारीत आपण जो घड बघतो त्याची तयारी मागच्या उन्हाळ्यात झालेली असते. आमच्या सबमिशनसारखं आदल्या रात्रीचं काम नाही ते.

वेलीच्या बुंध्याशी वाकून बघा. बऱ्याच बागांत जमिनीलगत एक सांधा दिसेल. खालचं खोड डॉगरिजसारख्या रानटी जातीचं, कारण ते क्षार आणि पाण्याचा ताण सोसतं. वर कलम केलेली गोड जात. जुन्नर तालुका काळ्या, मोठ्या मण्याच्या जंबो द्राक्षासाठी ओळखला जातो. आणि वर पाहाल तर लोखंडी अँगल आणि तारांचा मांडव. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनो, काढणीच्या आधी एकरभर पिकाचं वजन त्या तारांवर असतं. कडेचे खांब बाहेर झुकवून जमिनीत ताण का दिलेला असतो, याचं उत्तर फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्ये आहे.

२) नळीतलं पाणी

बागेत गेल्यावर माणूस वर घडांकडे बघतो. मी सिव्हिलचा असल्यामुळे म्हणा, मला आता खाली बघायची सवय लागली आहे. काळी ठिबकची नळी कुठून येते? तिच्या मागे मागे चालत जा. आधी फिल्टर लागेल, मग खत सोडायची टाकी आणि व्हेंच्युरी. (फ्लुइड मेकॅनिक्सच्या ओरलला जो व्हेंच्युरी सांगताना आमची बोबडी वळली होती, तो इथे निवांतपणे खत ओढत असतो.) मग पंप, विहीर किंवा शेततळं.

थोडा हिशोब करू. ओळींत ९ फूट आणि वेलींत ५ फूट अंतर असेल तर एका वेलीला ४५ चौरस फूट. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. म्हणजे एकरी साधारण ९६८ वेली. प्रत्येक वेलीला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर धरले तर एकराला तासाला ७,७४४ लिटर, म्हणजे पाऊण टँकरहून जास्त. शेवटच्या वेलीला पहिल्या वेलीइतकंच पाणी मिळालं पाहिजे, नाहीतर एका टोकाला गोड आणि दुसऱ्या टोकाला बारीक माल. नळीतल्या दाबाचं गणित चुकलं की ते बाजारात दिसतं.

आणि विहिरीत पाणी कुठून? इथे गोष्ट मोठी होते. जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेला नाणेघाटाच्या बाजूला पाऊस धो धो, आणि पूर्वेला आणे पठारावर पिण्याच्या पाण्याची मारामार. मध्ये कुकडी, मीना या नद्या आणि माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे ही धरणं. येडगाव आपल्याला सगळ्यात जवळचं. तिथे कुकडीचं पाणी येतंच, शिवाय घोड नदीवरच्या डिंभे धरणातलं पाणीही कालव्याने येतं, आणि तिथून निघालेला कुकडी डावा कालवा अहिल्यानगर जिल्हा ओलांडून सोलापूरच्या करमाळ्यापर्यंत जातो. पेपरात "इतके टीएमसी आवर्तन" असं छापून येतं. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३१ कोटी लिटर. आवर्तनाच्या तारखेवरून दरवर्षी भांडणं का होतात हे मला आधी कळायचं नाही. इथला शेतकरी म्हणतो, धरणं आमच्याकडे आणि पाणी खाली चाललं. कालव्याच्या शेवटाचा शेतकरी म्हणतो, पाणी आमच्यापर्यंत पोचतच नाही. दोघंही आपापल्या जागी खोटं बोलत नाहीत.

ओझरच्या विघ्नहराला दर्शनाला जाल तेव्हा घाटावर जरा बसा. समोर पसरलेलं पाणी हा येडगाव धरणाचाच फुगवटा आहे. बागेतल्या काळ्या नळीचा वरचा शेवट तिथे आहे असं समजा.

३) रोपवाटिका आणि केव्हीके

नारायणगावला ग्रामोन्नती मंडळाचं कृषी विज्ञान केंद्र आहे. केव्हीके म्हणजे संशोधन आणि शेतकरी यांच्यातला दुवा. देशातलं पहिलं १९७४ साली पुदुच्चेरीला निघालं. आपण आधी फोन करून गटाने गेलो तर नवखी माणसं म्हणून कुणी हसत नाही, उलट आपले प्रश्न शेतकऱ्यांपेक्षा बाळबोध असल्यामुळे सांगणाऱ्याला उत्साह येतो, असा माझा अनुभव.

परिसरात टोमॅटोच्या खासगी रोपवाटिकाही बऱ्याच. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये कोकोपीट, प्रत्येक कप्प्यात एक बी, वर शेडनेट, आणि साधारण २५ दिवसांत रोप तयार. दारात जंतुनाशकाचा ट्रे असतो, त्यात पाय बुडवून आत जायचं. आणि एक गोष्ट ऐकून आमच्यातल्या एकाचा चेहरा पडला : तंबाखू मळलेल्या हाताने रोपाला हात लावायचा नाही. तंबाखू आणि टोमॅटो एकाच कुळातले. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू हातावरून रोपाला लागू शकतो, आणि एका रोपावरून दुसऱ्या रोपावर जातो. आरोग्याचे इशारे ज्याने पाकिटावर वाचून सोडून दिले, त्याने तिथे मात्र गुपचूप हात धुतले.

४) बाजार

बाग बघून झाली की बाजार बघितलाच पाहिजे, नाहीतर अर्धंच बघितलं. नारायणगावचा टोमॅटोचा उपबाजार राज्यात नावाजलेला. वीस किलोचं प्लास्टिक क्रेट हे इथलं चलन. पिकअप, टेम्पो आणि क्रेटच्या भिंती. संध्याकाळी मेथी-कोथिंबिरीचा लिलाव, तोही शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांना भाव.

२०२३ सालची गोष्ट सांगतो. त्या उन्हाळ्यात राज्यात टोमॅटोला भाव नव्हता, वाहतुकीचा खर्च निघेना म्हणून शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. पुढे जुलैमध्ये इथेच क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला आणि नारायणगाव टीव्हीवर झळकलं. मी तेव्हा कॅप राऊंडच्या रांगेत होतो. मेसवाले काका अजून सांगतात, त्या महिन्यात आमटीतून टोमॅटो गायब आणि मुलांच्या तक्रारींनी वही भरलेली! टीव्हीवर करोडपती झालेले दिसले. मे महिन्यात ज्याने लागवडच मोडून टाकली तो दिसला नाही. झाड तेच, बांबू-तार-सुतळीची बांधणी तीच, मल्चिंगचा कागद तोच. दोन महिन्यांत क्रेटचा भाव शंभरांवरून हजारांवर. हे कुठल्याही टेक्स्टबुकच्या ग्राफमध्ये नीट बसत नाही.

५) खोडदची अँटेनांची बाग

ईअँडटीसीवाल्यांनी इथपर्यंत पानं उलटली असतील तर आता त्यांची पाळी. नारायणगावच्या पूर्वेला खोडदला जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. त्यातल्या १४ मध्यभागी दाटीने, आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय आकाराच्या तीन हातांवर, पार २५ किलोमीटरच्या परिसरात. त्यामुळे रस्त्याने जाताना एका बाजूला कांदा, दुसऱ्या बाजूला ऊस, आणि मधूनच आकाशाकडे तोंड केलेली डिश असं दृश्य दिसतं.

डिशचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही, जाळीचा आहे. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या तारेची जाळी, भोकं एक ते दोन सेंटिमीटर. ही दुर्बीण २१ सेंटिमीटर आणि त्याहून लांब लहरी पकडते; भोक लहरीपेक्षा खूप लहान असेल तर लहरीच्या दृष्टीने ती भिंतच. वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि स्वस्त. रोपवाटिकेचं शेडनेटही हेच करतं की! काय अडवायचं आणि काय जाऊ द्यायचं हे भोकाच्या मापावर ठरवायचं. एकाच दिवशी दोन्ही बघितलं तेव्हा माझ्या डोक्यात हे बसलं.

ही जागा निवडण्यामागे एक कारण म्हणजे इथला रेडिओ गोंगाट कमी. म्हणून मोबाईल बंद ठेवायला सांगतात, त्याचा राग मानू नये. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला तिथे मोठं प्रदर्शन भरतं, आसपासच्या शाळा-कॉलेजांची झुंबड असते. एरवी आधी परवानगी घेऊनच जायचं.

६) जुन्नर आणि शिवनेरी

नारायणगावहून जुन्नर सुमारे १५ किलोमीटर. शिवनेरीवर १६३० साली शिवरायांचा जन्म झाला हे सांगायला नको. पण गडावर गेल्यावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी मोजत फिरा. गंगा-जमुना टाक्यांपाशी थांबा. वर एवढ्या माणसांची वस्ती, खाली वेढा, आणि पाण्याची सोय खडकात. पुढे नाणेघाटात गेलात तर तो मोठा दगडी रांजण दिसतो. सातवाहनांच्या काळात त्यात जकात जमा होत असे अशी समजूत आहे. म्हणजे या भागातला माल घाटाखाली जायचा धंदा दोन हजार वर्षांचा. जुन्नरला लागून हापूसबाग नावाचं गाव आहे, तिथे हबशी घुमट नावाची जुनी वास्तू उभी आहे. गावाच्या नावात बाग राहिली आहे. बागायत ही इथे ठिबकबरोबर आलेली गोष्ट नाही.

७) कृषी पर्यटन, हुरडा वगैरे

जुन्नर तालुक्याला २०१८ साली सरकारने पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला, आणि २०२० साली राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं. त्यामुळे शेतावर जेवण, मुक्काम, बैलगाडी, शिवारफेरी अशी सोय करणारी केंद्रं वाढली. डिसेंबर-जानेवारीत हुरडा. गुळभेंडीची कणसं आगटीत भाजून, तळहातावर चोळून, सोबत लसणाची चटणी... लिहिताना तोंडाला पाणी सुटलंय, मेसला आज दुधी आहे.

इथे पैसे द्यावे लागतात म्हणून आपण नाकं मुरडतो. मीही मुरडत होतो. पण ज्या शेतकऱ्याचा टोमॅटो मे महिन्यात रस्त्यावर गेला, त्याला माणशी मिळणारे हे पैसे भावाच्या पत्रकावर अवलंबून नसतात. आपण पिक्चरला जातो तेव्हा पॉपकॉर्नवर घासाघीस करत नाही ना!

८) आणि बिबट्या

हा विषय चेष्टेचा नाही. ऊस बारा-अठरा महिने उभा असतो, दाट असतो, आत गारवा असतो, जवळ पाणी असतं. बिबट्याला हेच जंगल वाटतं. कित्येक पिल्लं उसातच जन्मतात. जुन्नर परिसरात माणसांवर हल्ले झाले आहेत, मुलं गेली आहेत. माणिकडोहला वनखात्याचं बिबट निवारा केंद्र आहे. ते प्राणिसंग्रहालय नाही, तिथे सेल्फीला जायचं नाही. आपल्यासाठी नियम साधा : दिवस मावळायच्या आत होस्टेल. उसाच्या कडेने एकट्याने जायचं नाही, कानात हेडफोन घालून तर नाहीच, आणि बांधावर वाकून बसायचं नाही. शेतकऱ्याला मात्र रात्रीची लाइट आली की पाणी द्यायला त्याच उसात जावं लागतं. एवढं लक्षात ठेवलं तरी आपली लाइट दहा मिनिटं गेल्यावर होणारी आरडाओरड कमी होईल.

मग जायचं कधी? द्राक्षं बघायला फेब्रुवारी-मार्च. छाटणी बघायची असेल तर ऑक्टोबर. हुरडा डिसेंबर-जानेवारी. टोमॅटोचा बाजार मे ते पावसाळा. खोडद २८ फेब्रुवारी. शिवनेरी पावसाळ्यानंतर. एसटी नारायणगाव स्टँडवरून मिळते, आतल्या गावांना जीप. स्टाफमधल्या सर-मॅडमनी घरच्यांना घेऊन जायलाही या जागा छान आहेत, लहान मुलांना ठिबक फार आवडतं.

सरांनी मागितलेली यादी :

१. फाटक उघडं असलं तरी बाहेरून हाक मारायची. उत्तर नाही आलं तर आत जायचं नाही.
२. फळाला, पानाला हात नाही. फवारणीनंतर काढणीपर्यंत ठरावीक दिवस जाऊ द्यावे लागतात. फवारणी कधी झाली ते आपल्याला माहीत नसतं, तेव्हा झाडावरून तोडून खाणं आपल्याच पोटाला वाईट.
३. ठिबकच्या नळीवर पाय द्यायचा नाही, वाफ्यातून चालायचं नाही, बांधाने जायचं.
४. सहा-आठपेक्षा जास्त जण एका वेळी नको. गाणी, बाटल्या, वेफर्सची पाकिटं नकोत.
५. फोटो विचारून. काम करणाऱ्या बायकांचे तर न विचारता अजिबात नाही.
६. निघताना काहीतरी विकत घ्या. दोन किलो द्राक्षं रूमवर नेली तर कुणी नको म्हणत नाही.
७. सूर्यास्ताआधी परत आणि रजिस्टरवर सही.

या यादीची झेरॉक्स घेऊन मागच्या महिन्यात मी एकटाच त्या मावशींच्या बागेपाशी गेलो. कुलूप होतं. बाहेरून हाक मारली. त्यांनी ओळखलं नाही. मी सांगितल्यावर ओळखलं, आणि हसल्या. यादी त्यांना वाचून दाखवली. ऐकून म्हणाल्या, "आणि एक लिही, शेतात जेवायची वेळ असंल तर चार घास खाल्ल्याबिगर जायचं नाय." हा आठवा नियम.

कुलूप त्यांनी त्या दिवशी माझ्यापुरतं उघडलं. बाकीच्यांसाठी उघडेल की नाही हे आपण पहिल्या रविवारी कसे वागतो त्यावर आहे. सरांनी आठ जणांचा पहिला पास देतो म्हटलंय. नावं माझ्याकडे द्या. तंबाखूवाल्यांनी हात धुऊन यावं!

— तृतीय वर्ष, सिव्हिल